केबल शिल्डेड आणि जॅक प्लास्टिकचा

भोसरीतलं हे एक वर्कशॉप. थ्री फेज मोटरी, त्यांचा वेग कमीजास्त करणारे व्हीएफडी ड्राइव्ह, आणि वरून जाणारा केबल ट्रे. ड्राइव्हची पॉवर केबल शेजारनं गेली की साध्या नेटवर्क केबलवर एरर वाढतात, म्हणून इथे कॅट सिक्स ए ही नेटवर्क केबल ओढतायत, तीही शिल्डेड, म्हणजे आत धातूचं आवरण असलेली.

आता हा क्लोजअप बघा. वरचं जॅकेट सोललं, खाली तारांची बारीक जाळी. ती मागे सारली की चार जोड्या, प्रत्येकीला स्वतःची चंदेरी फॉइल, याला म्हणतात एस एफटीपी. फॉइल काढली की पीळ दिसतो, केशरीचा वेगळा, तपकिरीचा वेगळा, चारही मुद्दाम कमीजास्त ठेवलेले, म्हणजे एकीचा सिग्नल दुसरीत उतरत नाही. जोडीतल्या दोन तारांत एकच सिग्नल जातो, एकीत सुलट, दुसरीत उलट, बाहेरचा गोंगाट दोन्हीवर जवळपास सारखा बसतो आणि पलीकडे वजाबाकीत उडतो. खरं काम हा पीळच करतो, फॉइल मदतीला.

कॅट सिक्स ए म्हणजे 500 मेगाहर्ट्झ, 10 गिगाबिट, 100 मीटरपर्यंत. साधी कॅट सिक्स 10 गिगाबिटला फार तर 55 मीटर. कॅट एट 40 गिगाबिट देते पण 30 मीटरच, ती डेटा सेंटरच्या रॅकसाठी, घरी टीव्हीमागे लावायला कोणी विकत असेल तर हसून सोडून द्या.

आणि हा जॅक. धातूचा कीस्टोन, म्हणजे केबलच्या टोकाला बसणारं सॉकेट. रंग बघून तारा बसवायच्या, पीळ 13 मिलिमीटरच्या वर उकलायचा नाही, झाकण दाबलं की तारा आतल्या पात्यांत रुततात. मागे दुमडलेली जाळी जॅकच्या धातूला चहूबाजूंनी टेकली पाहिजे, वरून झिप टाय. तिथून पॅच पॅनल, म्हणजे असे जॅक ओळीने बसवायची रॅकमधली पट्टी, आणि पॅनलवरून ही हिरवी-पिवळी वायर रॅकच्या अर्थिंगला. महागडी केबल घेऊन टोकाला प्लास्टिकचा जॅक लावला की जाळीचा सलगपणा तिथेच तुटतो, आणि दोन्ही टोकांना तसंच केलं तर शिल्ड अधांतरी लोंबकळतं, उलट अँटेनासारखं वागू शकतं, पैसे पाण्यात.

शेवटी टेस्टर. 1 ते 8 दिवे सगळेच बघतात. जी लिहिलेला नववा लागला तर शिल्ड या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग आहे, तो न बघताच बिल फाडणारे भरपूर. अर्थिंग मात्र हा टेस्टर सांगत नाही, ते पॅनलपाशी मल्टिमीटर लावून वेगळं बघावं लागतं.