नाव गळालेली कविता

फुलांच्या चित्रावर छापलेली एक कविता, आणि खाली नाव पु. ल. देशपांडे. पु. ल. २००० साली गेले, व्हॉट्सअ‍ॅप आले २००९ साली. तरी त्यांनी कधीच न लिहिलेले मजकूर त्यांच्या नावावर फिरतच आहेत. असा प्रत्येक मजकूर कुणीतरी जीव ओतून लिहिलेला असतो. फॉरवर्ड होता होता त्याचे नाव गळते, आणि मग तोच मजकूर एखाद्या पेजवर, यूट्यूबच्या अभिवाचनात किंवा दिवाळी अंकात भलत्याच नावाने उगवतो.

व्हॉट्सअ‍ॅपवर मूळ चोर शोधणे सामान्य माणसाच्या आवाक्यातले नाही. मजकूर चव्हाट्यावर आला की मात्र तो सापडतो. मधल्या कडव्यातले पाच-सहा शब्द अवतरणचिन्हांत घालून गूगलवर शोधा. पहिली ओळ नको, कारण शीर्षकाबरोबर तीच आधी बदलली जाते. मग ऱ्हस्व-दीर्घ बदलून पुन्हा शोधा: नक्कल करताना ‘आणि’चे ‘आणी’ झाले, तर पहिल्या शोधात ते निसटते. चित्रावर छापलेल्या ओळींसाठी गूगल लेन्स वापरा. फोटोसाठी टिनआय ही फोटोवरून फोटो शोधणारी साइट, तिथे निकाल सर्वांत जुन्यापासून लावता येतात.

सापडले की लगेच कॉमेंटमध्ये जाब विचारावासा वाटतो. बहुतेक प्रकरणे इथेच हातची जातात. समोरचा पोस्ट उडवतो, तुम्हाला ब्लॉक करतो, आणि हातात काही उरत नाही. म्हणून आधी पुरावा. फेसबुकवर नावाखालच्या वेळेवर टिचकी मारली की त्या एकाच पोस्टची लिंक मिळते. ती जपून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये पत्ता, तारीख आणि टाकणाऱ्याचे नाव दिसले पाहिजे. लॉगइनशिवाय उघडणारे पान वेबॅक मशीनवर, म्हणजे वेबपानांची जुनी रूपे तारखेसह जपणाऱ्या साइटवर, साठवा. स्वतःचा मूळ फोटो कुणाला व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका: तो दाबून लहान केला जातो आणि कॅमेऱ्याने आत नोंदवलेली तारीख-वेळ पुसली जाते. कोर्टात जायची वेळ आली, तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ खालचे प्रमाणपत्र लागते. त्यात फाइलचा हॅश, म्हणजे संगणकाने फाइलवरून काढलेला बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहावा लागतो, आणि फाइल थोडी जरी बदलली तरी हॅश बदलतो.

हक्कासाठी नोंदणीची गरज नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कविता लिहिली तेव्हाच ती तुमची झाली. पाचशे रुपयांत नोंदणी होते, हरकतींसाठी ३० दिवस थांबावे लागते. पुरावा म्हणून ती उपयोगी पडते, इतकेच. कलम ५७ याहून मोलाचे आहे: हक्क विकले, तरी लेखक म्हणून आपले नाव मागण्याचा अधिकार राहतो. आणि ‘साभार’ लिहिले म्हणजे परवानगी मिळाली, असे मुळीच नाही. लग्नाचे फोटो काढणाऱ्यांनी कलम १७ आवर्जून वाचावे. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोच्या कॉपीराइटचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, पैसे देणारा ठरतो.

तक्रार त्या-त्या कंपनीच्या कॉपीराइट फॉर्मवरच करा. ‘रिपोर्ट’चे साधे बटण त्यासाठी नाही. लिंक पेजची नव्हे, नेमक्या पोस्टची द्या, सोबत तुमच्या आधीच्या प्रकाशनाची. यूट्यूबवर समोरच्याने प्रतिदावा केला, म्हणजे तुमची तक्रार चूक आहे असे कळवले, तर तुम्हाला १० कामकाजाच्या दिवसांत कायदेशीर कारवाई सुरू केल्याचा पुरावा द्यावा लागतो, नाहीतर व्हिडिओ परत दिसू लागतो. तेव्हा वकिलाशी आधीच बोलून ठेवा.

छापील अंकाला हे फॉर्म लागू नाहीत. तिथे संपादकांना लेखी पत्र द्यावे, मूळ प्रकाशनाची तारीख आणि प्रत जोडावी, आणि दोन गोष्टी स्पष्ट मागाव्यात: पुढच्या अंकात नावासह खुलासा, आणि मानधन.