हृदय स्वतः कधी जेवतं?

मंडळी, वैद्यकीच्या पहिल्या वर्षाला बकऱ्याचं हृदय हातात घेतलं, तेव्हा मला नवल वाटलं ते महाधमनीच्या, म्हणजे हृदयातून शरीराकडे रक्त नेणाऱ्या मुख्य वाहिनीच्या, तोंडाशी असलेल्या दोन बारीक छिद्रांचं. झडपेच्या पाकळ्या बाजूला सारल्या की ती दिसतात. तिथूनच करोनरी धमन्या निघतात. आतले कप्पे रक्ताने भरलेले असले तरी हृदयाची जाड भिंत जगते ती या दोन छिद्रांतून येणाऱ्या रक्तावर.

आणि ते रक्त मिळतं कधी? बाकीच्या शरीराला हृदय आवळताना रक्त जोराने जातं. हृदयाच्या डाव्या कप्प्याचं मात्र उलटं. तो आवळला की त्याच्या स्नायूतल्या वाहिन्याही दाबल्या जातात; स्नायू सैल पडला की मग रक्त आत शिरतं. मिनिटाला 75 ठोके धरा. एक ठोका 0.8 सेकंदाचा, त्यातले साधारण 0.3 सेकंद आवळण्यात जातात, 0.5 विसाव्यात. ठोके 150 झाले की सगळं 0.4 सेकंदात उरकायचं, आणि जास्त कात्री लागते ती विसाव्यालाच. काम दुप्पट, दर ठोक्याला जेवायची सुट्टी निम्म्याहून कमी!

त्यात आणखी एक अडचण. शरीर एकूण पाहिलं तर रक्तातला साधारण पाव हिस्सा प्राणवायू वापरतं. हृदय बसल्या जागीच 70 टक्क्यांच्या आसपास काढून घेतं. शिल्लक फारशी नाहीच, म्हणून जास्त प्राणवायू हवा तर जास्त रक्तच हवं. स्वस्थ बसलेल्या माणसात मिनिटाला सुमारे 250 मिलिलिटर रक्त करोनरींतून वाहतं. निरोगी हृदय गरज पडली की ते चौपट करू शकतं. ही वाढीव ताकद हीच हृदयाची खरी पुंजी.

माझ्याकडे एक निवृत्त गृहस्थ यायचे. रोज पहाटे पर्वती चढायचे. वरच्या पायऱ्यांवर छाती भरून यायची, दोन मिनिटं थांबलं की मोकळी. "गॅस आहे हो, डॉक्टर." ईसीजी नॉर्मल. घरचेही निर्धास्त.

पण झोपवून काढलेला ईसीजी पुंजीचा हिशेब सांगत नाही. अमेरिकन हृदयतज्ज्ञ लान्स गूल्ड यांनी 1974 साली कुत्र्यांवरच्या प्रयोगांत दाखवलं, की धमनीचा व्यास 85 टक्के आवळेपर्यंत विश्रांतीतला प्रवाह टिकून राहतो. पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून तूट भरून काढतात. कमाल प्रवाह मात्र धमनी निम्मी अरुंद होईपर्यंत घसरायला लागलेला असतो. म्हणून दुखणं चढावरच भेटतं. चढावर येणारं, थांबताच जाणारं हे दुखणं इंग्रज वैद्य विल्यम हेबर्डन यांनी लंडनमध्ये 1768 सालीच सांगून ठेवलं होतं.

हार्ट अटॅकची गोष्ट वेगळी. तिथे बहुधा धमनीच्या भिंतीतला चरबीचा थर फुटतो आणि त्यावर गुठळी धरते. तो थर आधी फारसा मोठा असेलच असं नाही. बसल्या जागी छाती दाबून आली आणि थांबत नसेल, तर सोड्याचं पाणी पीत बसू नका, तडक रुग्णालय गाठा. स्नायूचा सर्वांत आतला थर आधी मरतो आणि प्रत्येक मिनिट त्याच्या हिशेबातून जातं.

त्या गृहस्थांना मी विचारलं, नेमकं कुठे दुखतं? त्यांनी बोट दाखवलं नाही, मूठ छातीच्या मधोमध ठेवली. आणि सहज म्हणाले, "दिवाळीत वरच्या टप्प्यावर यायचं. आता पहिल्याच वळणावर येतं." मी त्यांना घरी जाऊ दिलं नाही.