खाडीच्या अल्याड-पल्याड: दोन विमानतळांमधलं अंतर

(दृश्य: कोपरखैरणे. इमारतीची गच्ची, संध्याकाळ.)

वारा समुद्राकडून असला की मुंबईला उतरणारी विमानं आमच्या डोक्यावरून जातात. उंची जेमतेम दोन हजार फूट. खाडी ओलांडली की घाटकोपर, आणि मग धावपट्टी. पोरांना विमान दाखवायला आजवर बोट एकाच दिशेला जायचं. 25 डिसेंबर 2025 पासून दक्षिणेकडेही जातं. उलव्याच्या अंगाला नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला.

मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात. एकीवर विमान असलं की दुसरीला थांबावं लागतं. गर्दी वाढत गेली आणि दुसरा विमानतळ हवाच झाला. त्याच्या 3,700 मीटरच्या धावपट्टीसाठी उलव्याची टेकडी कापली, नदीचं पात्र वळवलं, दहा गावं उठली. ती गावं पाहिलेल्या माणसाला हा नुसता नकाशावरचा ठिपका वाटत नाही.

(दृश्य: नकाशा. दोन ठिपके, मधोमध ठाण्याची खाडी.)

दोन्ही विमानतळांमधलं सरळ हवाई अंतर साधारण 24 किलोमीटर. वैमानिकांच्या भाषेत 13 सागरी मैल.

मग विमानाला वेळ किती लागेल? दहा हजार फुटांखाली विमानांना 250 नॉटची वेगमर्यादा असते, म्हणजे ताशी सुमारे 463 किलोमीटर. भागाकार केला तर तीन मिनिटांहून थोडा जास्त.

पण विमान असं सरळ जात नाही. उडताना आणि उतरताना त्याला समोरून वारा असावा लागतो. दोन्हीकडच्या मुख्य धावपट्ट्या जवळजवळ पूर्व-पश्चिम. पश्चिमेचा वारा असेल तर नवी मुंबईहून विमान पश्चिमेकडे तोंड करून उडणार. मुंबईला उतरायचं तेही पश्चिमेकडेच तोंड करून, म्हणजे पूर्वेकडून येऊन. म्हणून आधी मागे वळायचं, पार कल्याणच्या बाजूला जायचं, पुन्हा वळायचं आणि मग धावपट्टीच्या रेषेत यायचं. ही शेवटची सरळ वाटच पंधरा-अठरा किलोमीटरची असते. धावपट्टीकडे सरकणं आणि रांगेत थांबणं यांचा वेळ आणखी वेगळा. वेळापत्रक तर जागेवरून हललेल्या क्षणापासून जागेवर उभं राहीपर्यंतचा वेळ मोजतं. तीन मिनिटांचा अर्धा तास असा होतो. एवढ्यासाठी कोणी प्रवासी विमान उडवत नाही.

लंडनकरांनी मात्र प्रयत्न केला होता. हीथ्रो आणि गॅटविक या विमानतळांमध्ये 1978 पासून हेलिकॉप्टर चालायचं, उड्डाण पंधरा-वीस मिनिटांचं. शहराभोवतीचा एम-25 रस्ता पुरा होत आला आणि 1986 मध्ये ती सेवा थांबली.

(दृश्य: वाशीचा खाडीपूल, गाड्यांची रांग.)

आपल्याकडे हे अंतर रस्त्यानेच कापायचं. सायन-पनवेल हायवे आणि खाडीपूल धरून पस्तीस-चाळीस किलोमीटर. पहाटे तासाभरात होतं. संध्याकाळी मानखुर्दला अडकलात तर दोन तास धरा. दोन्ही विमानतळांना जोडणारी मेट्रो 8 ठरली आहे, पण आज सामान गाडीतच टाकावं लागतं.

मला काळजी वाटते ती नागपूरहून येऊन पुढे लेकीकडे दुबईला निघालेल्या आजीची. दोन्ही तिकिटांवर ‘मुंबई’ वाचून ती निर्धास्त असते. एका ठिकाणी उतरायचं, बॅगा पट्ट्यावरून घ्यायच्या, टॅक्सी शोधायची, खाडी ओलांडायची, पुन्हा रांगेत उभं राहायचं. मध्ये पाच तास तरी हवेत.

तेव्हा तिकीट काढताना तिला विमानतळाच्या कोडची तीन अक्षरं वाचून दाखवा. बी-ओ-एम म्हणजे मुंबई. एन-एम-आय म्हणजे नवी मुंबई.