रिंग दाखव!

नमस्कार मंडळी. आपल्या ट्रकचं, टेम्पोचं, पिकअपचं ऑइल जे स्वतःच्या हातानं बदलतात, त्यांच्यासाठी आज बोलतोय. चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा नट कसा खोलायचा, ऑइल कोणतं आणि किती ओतायचं, ते तुम्हाला ठाऊक आहे. मला बोलायचंय ते ऑइल फिल्टरच्या तोंडाशी बसणाऱ्या रबरी रिंगेबद्दल. कोणी तिला सील म्हणतं, कोणी गॅस्केट. जुना फिल्टर खाली आला की तो उलटा करा आणि बघा, रिंग त्याच्याबरोबर आली का? पुन्हा सांगतो. जुना फिल्टर हातात आला की आधी रिंग बघायची, मग बाकीचं.

आमच्या नात्यात एक नाना होते. स्वतःची सहाचाकी गाडी, लासलगावचा कांदा वाशीच्या मार्केटला न्यायचे. एका उन्हाळ्यात दुपारी घरच्या अंगणातच ऑइल बदललं. फिल्टर पुतण्यानं खोलला, नवा लावला. गाडी चालू करून बघितली, एक थेंब पडला नाही. संध्याकाळी माल भरला आणि गाडी निघाली. नाशिक गेलं, घोटी गेली. इगतपुरीच्या अलीकडे नानांना वास आला. ऑइल तापलेल्या सायलेन्सरवर पडलं की येतो ना, तो उग्र वास. समोर बघतात तर ऑइल प्रेशरचा काटा खाली आलेला. पुढे कसाऱ्याचा घाट. क्लीनर म्हणाला, "नाना, ढाबा दोन मिनिटांवर आहे, तिथं थांबू." नाना म्हणाले, "दोन मिनिटांत बेअरिंग जातं रे बाबा." आणि गाडी तिथंच बाजूला घेऊन इंजिन बंद केलं. लाखाचं इंजिन वाचलं ते या एका वाक्यानं.

क्लीनर बॅटरी घेऊन खाली शिरला. चेसीस ओली, एक्सल ओला, ऑइल मोजायच्या पट्टीच्या, डिपस्टिकच्या टोकाला जेमतेम ओल. गाडी निवली तसा नानांनी फिल्टर खोलला. नवी रिंग एका बाजूनं चिरडून खाचेबाहेर आलेली. बॅटरीच्या उजेडात वर इंजिनाकडे काहीच दिसेना, काळ्यावर काळं. मग नानांनी बोट फिरवलं आणि बोटाला कड लागली. जुनी रिंग! वरच चिकटून बसलेली, चपटी, बांगडीसारखी कडक, नख रुतत नव्हतं. रिंगेवर रिंग. गाडी उभी असताना तेवढ्यावर धकून गेलं. भरल्या मालानिशी इंजिन तापलं, ऑइलचा जोर बसला, आणि वरची रिंग सटकली.

सकाळी घोटीहून दुसरा फिल्टर आणि ऑइलचे डबे आले. गाडी वाशीला पोचेपर्यंत लिलाव उरकले होते, कांद्याला पडेल तो भाव घ्यावा लागला. पुतण्याला नाना एक शब्द रागावले नाहीत. पण पुढे अंगणात कोणाचीही गाडी ऑइलला आली, आणि पोरगं जुना फिल्टर घेऊन बाहेर आलं, की बाजेवरून आवाज यायचा, "रिंग दाखव!"

आणि तो क्लीनर! आता गाडीवर क्लीनर ठेवतात कुठं? रात्रीच्या वाटेवर ड्रायव्हर एकटा. चहाला थांबलं की टायर ठोकून बघणारं, खाली वाकून बघणारं कोणी नाही. भाड्यात परवडत नाही, हे मला कळतं. तरी मला ते चुकीचंच वाटतं. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मोठ्या मालट्रकला केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. फार चांगलं झालं, मे महिन्यातली केबिन ज्यानं सोसलीय त्याला विचारा. फक्त ऑइल बदलल्यावरच्या पहिल्या फेरीला काच थोडी खाली ठेवा. वास आत येऊ द्या.

आता रिंगेकडे परत. ती का चिकटते? रबर महिनोन्महिने गरम ऑइलमध्ये भाजून निघतं, कडक होतं. त्यात कोणी कोरडीच बसवली असेल किंवा पान्यानं आवळली असेल, तर हमखास चिकटते. जुनी रिंग हातात घेऊन वाकवा. सगळीकडून सारखी चपटी असेल तर चिंता नाही. वाकवल्यावर बारीक भेगा दिसल्या तर ऑइल बदलायला ठरल्यापेक्षा उशीर झालाय. एकाच बाजूनं दबलेली किंवा कापलेली असेल तर फिल्टर तिरका बसला होता, नाहीतर मध्ये कचरा होता.

वरची बैठक, म्हणजे इंजिनाला रिंग टेकते ती जागा, स्वच्छ फडक्यानं पुसा आणि बोट फिरवा. डोळ्यावर भरवसा ठेवू नका, बोट फिरवा. चिकटलेली रिंग स्क्रू ड्रायव्हरनं खरवडू नका, बैठकीला ओरखडा पडला तर नवी रिंगही गळणार. लाकडाच्या चपट्या काडीनं काढा. नव्या रिंगेला नव्या ऑइलचं बोट लावा, फिल्टर हातानं फिरवा. रिंग टेकली की तिथून पाऊण ते एक फेरा, किंवा फिल्टरवर छापलं असेल तेवढाच. पाना लावायचा तो खोलताना, बसवताना नाही.

नव्या गाड्यांत बऱ्याचदा डब्यासारख्या फिल्टरऐवजी कागदी काडतूस असतं आणि त्याच्या झाकणाला ओ-रिंग, म्हणजे गोल रबरी रिंग. नवी रिंग खोक्यातच येते. जुनी बरी दिसते म्हणून ठेवू नका, आणि नवी त्याच खाचेत बसवा. चेंबरच्या नटाचा वॉशरही त्याच वेळी बदला.

मग इंजिन चालू करा. रेस नको. प्रेशर आलं की दुसऱ्यानं बॅटरी घेऊन फिल्टरची कड बघायची. बंद करून दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. आणि पहिली फेरी मारून आलात की बॅटरी घेऊन पुन्हा एकदा खाली वाका.

जळकं ऑइल मात्र गटारात किंवा अंगणात ओतू नका, विहिरी आपल्याच आहेत. झाकणाच्या डब्यात भरून, परवाना असलेल्या जुन्या ऑइलवाल्याकडे द्या. नमस्कार.