काहीच न घडलेल्या दिवसाची नोंद

मित्रहो, आजच्या व्याख्यानाचा जाहीर झालेला विषय ‘वेळ मिळत नसताना छंद कसा जोपासावा’ असा आहे आणि त्याकडे मी येणारच आहे. त्याआधी मात्र छंदाच्या नोंदवहीविषयी, आणि त्या वहीतही ज्या दिवशी सांगण्यासारखे काहीच घडले नाही त्या दिवसाच्या नोंदीविषयी बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही, कारण माझ्या मते वेळेच्या प्रश्नाचे उत्तर तिथेच आहे. तुमच्यापैकी किती जणांच्या घरी मोठ्या हौसेने सुरू केलेली आणि पाचव्या पानानंतर कोरी राहिलेली वही आहे? बरेच हात वर आले. म्हणजे हे बोलणे योग्य सभागृहात होते आहे.

हाइनरिख श्वाबे हे नाव आकाशनिरीक्षकांना परिचित असेल. जर्मनीतील देसाऊ या गावचा हा औषधविक्रेता. बुधाच्या कक्षेच्या आत आणखी एखादा ग्रह असावा आणि आपण तो शोधावा, असे त्याने मनात घेतले. असा ग्रह सूर्याच्या इतका जवळ असणार की एरवी तो तेजात बुडूनच जाईल. तो दिसलाच तर सूर्यबिंबावरून सरकणारा काळा ठिपका म्हणून दिसेल. पण सूर्यावर डागही असतात. तेव्हा ठिपका ग्रहाचा की सूर्याचाच, हे ठरवायचे तर प्रत्येक डागाची जागा रोजच्या रोज टिपून ठेवणे आले. (इथे एक सूचना अत्यंत गंभीरपणे करतो: योग्य सौरगाळणी, म्हणजे सोलर फिल्टर, बसवल्याशिवाय दुर्बिणीतून सूर्याकडे कधीही पाहू नये, क्षणभराच्या चुकीने दृष्टी कायमची जाऊ शकते.)

श्वाबेने १८२६ पासून हे काम नेटाने धरले. आकाश निरभ्र असेल त्या दिवशी सूर्य पाहायचा, डागांचे चित्र काढायचे, डागांचे गट मोजायचे. आणि बिंब स्वच्छ असेल, एकही डाग नसेल, तर तेही लिहायचे. या शेवटच्या सवयीपाशी मला थोडे थांबायचे आहे. ग्रह शोधायला निघालेल्या माणसाला डाग नसलेला सूर्य म्हणजे फुकट गेलेला दिवस वाटायला हवा होता, आणि बहुतेकांनी त्या दिवशी वही उघडलीच नसती. श्वाबेने वर्षाच्या हिशेबात निरीक्षण केलेले दिवस, दिसलेले गट आणि डागविरहित दिवस असे स्वतंत्र रकाने ठेवले. १८२८ साली त्याला २२५ गट दिसले आणि डागविरहित दिवस एकही नव्हता. १८३३ साली गट अवघे ३३ आणि डागविरहित दिवस १३९. पुढे आकडे पुन्हा चढले आणि पुन्हा उतरले. १८४३ साली त्याने लिहिले की सूर्यडागांचे हे चढउतार साधारण दहा वर्षांनी फिरून येतात. आरंभी फारसे कोणी लक्ष दिले नाही. प्रसिद्ध जर्मन शास्त्रज्ञ हम्बोल्टने आपल्या ग्रंथात ती सारणी घेतली तेव्हा विद्वानांचे डोळे तिकडे वळले. स्विस खगोलशास्त्रज्ञ रुडॉल्फ वोल्फने जुन्या नोंदी धुंडाळून हा काळ सरासरी अकरा वर्षांच्या आसपास असल्याचे दाखवले आणि १८५७ साली लंडनच्या रॉयल ॲस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने श्वाबेला सुवर्णपदक दिले. ज्या ग्रहासाठी हा सारा खटाटोप सुरू झाला, तो मुळात अस्तित्वातच नव्हता.

ही कथा चिकाटीचे उदाहरण म्हणून सांगितली जाते. चिकाटी त्यात आहेच. परंतु ते १३९ रिकामे दिवस लिहिलेले नसते, तर १८३३ साली सूर्य शांत होता की श्वाबे कंटाळला होता, हे कोणाला कधीच कळले नसते. वहीतल्या कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात: ‘पाहिले आणि नव्हते’ किंवा ‘पाहिलेच नाही’. या दोहोंतला फरक फक्त लिहिणाऱ्यालाच ठाऊक असतो आणि काही महिन्यांत त्यालाही आठवत नाही.

छंद कोणताही असो, हे लागू पडते. रूपविकारी, म्हणजे तेज कमीजास्त होणाऱ्या, ताऱ्यांचे हौशी निरीक्षक तारा दिसला नाही तर शेजारचा सर्वांत अंधूक दिसलेला तारा नोंदवून ‘याहून मंद’ असे लिहितात, आणि अशी नोंद शास्त्रज्ञ ग्राह्य धरतात. पक्ष्यांच्या नोंदी घेणारे २००२ साली सुरू झालेले ‘ईबर्ड’ हे संकेतस्थळ यादी देताना विचारते की ओळखलेले सर्व पक्षी तुम्ही लिहिले आहेत काय. उत्तर ‘होय’ असेल तरच यादीत नसलेल्या पक्ष्याविषयी काही म्हणता येते. बुद्धिबळाचा हौशी खेळाडू हरलेल्या डावाच्या चाली जपून ठेवतो, आणि शिकायला मिळते ते बहुधा त्याच कागदावरून.

माझी तक्रार आहे ती अलीकडच्या मोबाइलवरील सवयमापकांबद्दल. रियाज, वाचन, विणकाम, चित्रकला, काहीही असो, त्यांतली अनेक ॲप्स सलग दिवसांची साखळी मोजतात आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर आणतात. आजारपणात दोन दिवस गेले म्हणून वर्षभर गाणारा माणूस पुन्हा ‘पहिल्या दिवसावर’ येतो. हा शुद्ध अन्याय आहे. नोंदवहीचे काम काय घडले ते सांगण्याचे. तिला परीक्षक करून बसवले की माणूस चुकलेला दिवस लपवू लागतो, मग वहीच टाळू लागतो, आणि शेवटी छंदही सुटतो. छंद वेळेअभावी सुटतात असे आपण म्हणतो. मी पाहिलेले बहुतेक छंद खंड पडल्याच्या संकोचाने सुटले आहेत.

वेळ संपत आल्याची खूण संयोजकांनी केली आहे, म्हणून जाहीर विषय आता थोडक्यात सांगतो. मोकळा तास मिळेल तेव्हा छंद करू, असे ठरवू नये. तसा तास क्वचित मिळतो. छंदातली सर्वांत लहान, तरीही पूर्ण असलेली एक कृती निवडावी: एक सूर नीट लावणे, विणकामाची एक ओळ, खिडकीतून दिसणाऱ्या एकाच झाडाकडे पाहणे. ती रोजच्या ठरलेल्या एखाद्या कामाला लागूनच करावी. साहित्याची खरेदी पहिली वही भरेपर्यंत लांबवावी. आणि जमले नाही त्या दिवशी तारीख घालून ‘आज जमले नाही’ एवढे लिहावे. या तीन शब्दांना अर्धे मिनिटही लागत नाही, आणि खंड पडला तरी तो वहीच्या आतच राहतो. दुसऱ्या दिवशी नव्याने सुरुवात करावी लागत नाही, पुढची ओळ लिहावी लागते.

वहीत रकाने किती असावेत, अशी एक चिठ्ठी आली आहे. चार पुरेत: तारीख, किती वेळ, काय केले किंवा पाहिले, आणि त्या दिवशीची परिस्थिती, म्हणजे प्रकाश, हवा, थकवा, जे असेल ते. चौथा रकाना गाळू नये. तिसरा रिकामा का राहिला, हे पुढे त्यावरूनच कळते.