ईव्ही-वन: भाड्याने दिली, परत नेली

[दृश्य: हिरव्या रंगाची, थेंबासारखी निमुळती, दोन दारांची गाडी. मागची चाकं अर्धी झाकलेली.]

या गाडीला किल्ली नाही. दारावरच्या बटणांवर पाच आकडी क्रमांक दाबला की दार उघडतं. आत बसून, दोन सीटांच्या मधल्या पट्टीवर तोच क्रमांक पुन्हा दाबला की गाडी निघायला तयार.

हिचं नाव ईव्ही-वन. जनरल मोटर्सने ती १९९६ ते १९९९ या काळात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, लॅन्सिंगच्या कारखान्यात बनवली. एकूण १,११७ गाड्या. ग्राहकांना त्यातली एकही विकली नाही. सगळ्या लीजवर दिल्या, आणि लीज संपल्यावर गाडी विकत घेण्याची मुभा करारात नव्हती. हे कलम लक्षात असू द्या. गाडीचं पुढे जे झालं, ते या कलमामुळेच होऊ शकलं.

[दृश्य: ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातला सरळ रस्ता, त्यावर सौर गाडी]

सुरुवात १९८७ची. ऑस्ट्रेलियात डार्विनपासून ॲडलेडपर्यंत, सुमारे ३,००० किलोमीटरची सौर गाड्यांची पहिली शर्यत जनरल मोटर्सच्या सनरेसरने जिंकली. तिच्यामागे कॅलिफोर्नियाची एरोव्हायरन्मेंट ही छोटी कंपनी होती. कंपनीचे संस्थापक पॉल मॅक्रिडी म्हणजे माणसाच्या पायांच्या ताकदीवर विमान उडवून दाखवणारे अभियंते. कमी शक्तीत जास्त काम कसं करायचं, हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. याच मंडळींनी पुढे रस्त्यावरची विजेची गाडी आखली. जानेवारी १९९० मध्ये लॉस एंजेलिसच्या वाहन प्रदर्शनात ती ‘इम्पॅक्ट’ या नावाने लोकांसमोर आली.

इम्पॅक्टचं हृदय म्हणजे ॲलन कोकोनी यांनी बनवलेला इन्व्हर्टर. आपल्याकडे शेतातल्या थ्री-फेज पंपाला जी इंडक्शन मोटर असते, त्याच जातीची मोटर या गाडीत आहे. तिला कार्बन ब्रश नाहीत, त्यामुळे घासून झिजण्यासारखं फारसं काही नाही. पंपाच्या मोटरला ठरावीक ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० हेलकाव्यांची वीज मिळते, म्हणून ती जवळजवळ एकाच वेगाने फिरते. गाडीला तर शून्यापासून वरपर्यंत प्रत्येक वेग हवा. कोकोनींचा इन्व्हर्टर बॅटरीच्या डीसीपासून (एकाच दिशेने वाहणाऱ्या विजेपासून) थ्री-फेज एसी (दिशा बदलत राहणारी वीज) तयार करायचा, आणि पायाखालचा ॲक्सिलरेटर जेवढा दाबावा त्याप्रमाणे तिची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हेलकाव्यांचा वेग, कमीजास्त करायचा. ब्रेक लावला की हेच काम उलटं: मोटर जनरेटर होते आणि वीज बॅटरीत परत जाते. आज रस्त्यावर दिसणाऱ्या विजेच्या गाड्यांत हाच विचार आहे.

एप्रिल १९९०मध्ये जनरल मोटर्सचे अध्यक्ष रॉजर स्मिथ यांनी ही गाडी बाजारात आणण्याची घोषणा केली. तीच पुढे ईव्ही-वन झाली. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाने (हवेचं प्रदूषण रोखणाऱ्या सरकारी मंडळाने) नियम काढला: मोठ्या कंपन्यांनी राज्यात विकलेल्या गाड्यांपैकी १९९८पर्यंत २ टक्के, २००१पर्यंत ५ टक्के आणि २००३पर्यंत १० टक्के गाड्या धूर न सोडणाऱ्या असायला हव्यात.

[दृश्य: गाडीच्या पोटातून काढलेला इंग्रजी ‘टी’ आकाराचा बॅटरी पॅक]

आता बॅटरीकडे येऊ, कारण गाडीचा प्रत्येक भाग हिच्यामुळे ठरला आहे. पहिल्या पिढीत १२ व्होल्टच्या २६ लेड-ॲसिड बॅटऱ्या एकापुढे एक जोडलेल्या, मिळून ३१२ व्होल्ट. वजन सुमारे ५३३ किलो. साठवण १६.५ किलोवॉट-तास, म्हणजे साडेसोळा युनिट. एक लिटर पेट्रोलमध्ये जवळपास नऊ युनिट ऊर्जा असते. म्हणजे अर्ध्या टनाच्या बॅटरीत दोन लिटर पेट्रोलइतकीही ऊर्जा नाही! पेट्रोल इंजिन त्यातली बरीचशी उष्णतेत घालवतं, मोटर घालवत नाही, हा मोठा दिलासा. तरीही दोन लिटरवर संसार करायचा होता.

तो संसार कसा केला ते पाहण्यासारखं आहे. वेग दुप्पट झाला की हवेचा अडथळा चौपट होतो, म्हणून आधी आकार. हवेच्या अडथळ्याचा गुणांक ०.१९ इतका खाली आणला. त्या काळच्या साध्या गाडीचा तो ०.३०च्या वर असे. शेपूट निमुळती व्हावी म्हणून मागची दोन चाकं पुढच्यांपेक्षा एकमेकांच्या सुमारे २३ सेंटिमीटर जवळ घेतली. सांगाडा ॲल्युमिनियमचा, वजन जेमतेम १३२ किलो. त्याचे तुकडे स्पॉट वेल्डिंग आणि रिव्हेटच्या जोडीला खास गोंदाने चिकटवलेले, कारण गोंदामुळे ताण एका टाक्यावर न येता सगळ्या सांध्यावर पसरतो. बाहेरचे पत्रे प्लॅस्टिकचे. सीटचा सांगाडा मॅग्नेशियमचा. टायरमध्ये ५० पीएसआय हवा, म्हणजे टायर कमी दबतो आणि रस्त्यावर कमी शक्ती खातो. पंक्चर आतल्या आत बुजवणारे टायर दिले आणि स्टेपनीचं वजन वाचवलं. हीटरसाठी साधी कॉइल न वापरता हीट पंप, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता आत ओढणारं यंत्र बसवलं.

एवढ्या काटकसरीवर कंपनी ११० ते १६० किलोमीटरचा पल्ला सांगत असे. चढ, महामार्ग आणि एसी एकत्र आले की तो बराच खाली यायचा. घरच्या इन्व्हर्टरची बॅटरी सांभाळलेल्या माणसाला यामागचं कारण लगेच उमजेल. लेड-ॲसिडमधून करंट जितका जोरात ओढावा, तितकी एकूण वीज कमी मिळते. शिवाय २६ बॅटऱ्यांच्या माळेत सगळ्यात कमजोर असेल तीच पल्ला ठरवते. ती आधी रिकामी होते, बाकीच्या मात्र तिच्यातून करंट ढकलतच राहतात. मग तिच्या प्लेटांवर सल्फेट कडक होतं आणि ती कायमची बसते. या बॅटऱ्या सीलबंद, म्हणजे पाणी घालायची सोय नाही. जास्त चार्ज झाल्या की पाण्याचे वायू होऊन व्हॉल्व्हमधून निघून जातात, आणि गेलेलं पाणी परत येत नाही. थंडीत रासायनिक क्रिया मंदावते, पल्ला आणखी घटतो. कॅलिफोर्निया आणि ॲरिझोना या उबदार राज्यांतच गाडी आधी दिली, ते उगीच नव्हे.

[दृश्य: गाडीच्या नाकातल्या खाचेत सरकणारं प्लॅस्टिकचं चपटं पॅडल]

चार्जिंगला प्लग नव्हता. ट्रान्सफॉर्मरचा अर्धा भाग या पॅडलमध्ये, अर्धा गाडीत. पॅडल खाचेत सरकवलं की ट्रान्सफॉर्मर पूर्ण होतो आणि उघड्या धातूला धातू न लागता वीज आत जाते. भर पावसातही शॉक बसायची भीती नाही. २२० व्होल्ट आणि ६.६ किलोवॉटच्या चार्जरवर पहिल्या पिढीच्या बॅटरीला सुमारे तीन तास लागत. याच चार्जिंगच्या बाजूला पुढे दोष निघाला: चार्ज पोर्टच्या भागात उष्णता साठून आग लागू शकते असं दिसलं, आणि मार्च २०००मध्ये पहिल्या पिढीच्या ४५० गाड्या परत बोलावाव्या लागल्या.

दुसऱ्या पिढीत निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी आली. तिच्यामागचं संशोधन स्टॅनफर्ड ओव्शिन्स्की यांच्या प्रयोगशाळेचं. साठवण २६.४ युनिट, पल्ला १६० ते २२५ किलोमीटर. ही बॅटरी चार्ज होताना तापते, तिला थंड ठेवावं लागतं आणि वेळही सहा ते आठ तास लागतो. तरी रोजच्या वापराला हा पल्ला भरपूर होता. ज्या उत्तराची गाडी वाट पाहत होती ते मिळालं, आणि त्याच १९९९ साली उत्पादन थांबलं. आमच्या मते या कहाणीतला सगळ्यात जिव्हारी लागणारा भाग हाच.

कारण तोवर नियमाची पकड सुटत चालली होती. हवा मंडळाने १९९६मध्ये मधले टप्पे काढून टाकले आणि फक्त २००३चे १० टक्के ठेवले. पुढे या नियमाविरुद्ध वाहन कंपन्या कोर्टात गेल्या. त्यात जनरल मोटर्सही होती. २००३मध्ये नियम आणखी सैल झाला. गाडीवर तोटा होतो, सुटे भाग पुरवणारे उरले नाहीत आणि दुरुस्तीची जबाबदारी वर्षानुवर्षं आपल्यावर राहील, असं कंपनीचं म्हणणं. सुट्या भागांची अडचण खरी होती. पण ५८ चालकांनी चेकसह पत्रं पाठवून लीज वाढवून मागितली, दुरुस्तीचा भार स्वतः उचलू असंही कळवलं. कंपनीने चेक परत केले.

[दृश्य: कुंपणापलीकडे ओळीने उभ्या ईव्ही-वन]

२००५च्या सुरुवातीला लॉस एंजेलिसजवळ बरबँकमध्ये शेवटच्या ७८ गाड्या उभ्या होत्या. चालकांनी आणि समर्थकांनी तिथे २८ दिवस, रात्रंदिवस पहारा दिला. प्रत्येक गाडीला २४,००० डॉलर, मिळून सुमारे १९ लाख डॉलर देऊ केले. मार्चमध्ये ट्रक आले आणि गाड्या घेऊन गेले. परत घेतलेल्या बहुतेक ईव्ही-वन चिरडून टाकल्या गेल्या.

बरबँकच्या दोन वर्षं आधी, म्हणजे २००३मध्ये, कोकोनींच्या एसी प्रोपल्शन कंपनीने आपल्या टीझीरो गाडीत लॅपटॉपच्या जातीचे हजारो लिथियम सेल बसवले होते. पल्ला एका चार्जमध्ये सुमारे ४८० किलोमीटरपर्यंत गेला. टेस्लाने पहिल्या रोडस्टरसाठी तंत्राचा परवाना याच कंपनीकडून घेतला.

[दृश्य: संग्रहालयातली ईव्ही-वन, जवळून बटणांची पट्टी]

चाळीसेक ईव्ही-वन संग्रहालयांना आणि विद्यापीठांना दिल्या, पण आतली यंत्रणा निकामी करून आणि रस्त्यावर न चालवण्याच्या अटीवर. वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेला मिळालेली गाडी तेवढी यंत्रासकट अखंड आहे.