वेंचुराचा वकील, मॅडिसन सिटीचा वकील

[कॅलिफोर्निया स्ट्रीट. चढावरून खाली समुद्रापर्यंत]

हे वेंचुरा. लॉस एंजेलिसपासून शंभरेक किलोमीटर. रस्त्याच्या एका टोकाला पॅसिफिक महासागर आणि दुसऱ्या टोकाला, चढावर, जिल्ह्याचं जुनं कोर्ट. मधल्या कोपऱ्यावर बँकेची ही इमारत. तिच्यात एका वकिलाचं ऑफिस होतं. नाव अर्ल स्टॅन्ली गार्डनर.

गार्डनरच्या रहस्यकथांमधला गाजलेला वकील पेरी मेसन, त्याचा जन्म याच ऑफिसातला. मुंबईत फोर्टच्या फुटपाथवर ज्यांनी जुनी पुस्तकं चाळली आहेत, त्यांना मेसनची ओळख करून द्यायला नको. पण आज आपण ज्याच्यासाठी आलोय तो मेसन नव्हे, गार्डनरचाच दुसरा नायक, डग सेल्बी.

[कोर्टाची दर्शनी बाजू, नंतर जवळून चेहरे]

आधी कोर्ट बघून घेऊ. 1913 साली उभं राहिलं. आराखडा आल्बर्ट मार्टिन यांचा. पुढे लॉस एंजेलिसच्या सिटी हॉलच्या वास्तुरचनाकारांतही ते होते. भिंतीवर रांगेनं डोकावणारे हे चेहरे फ्रान्सिस्कन पंथाच्या ख्रिस्ती साधूंचे, टेराकोटातले, म्हणजे भाजलेल्या मातीचे. खाली कोण हरलं, कोण जिंकलं, यांना काही फरक पडलेला दिसत नाही. आत संगमरवर. आणि ही कोर्टाची खोली: छताला रंगीत काचांचे घुमट. भूकंपाला टिकणार नाही म्हणून कोर्ट इथून हललं, पण शहरानं इमारत पाडली नाही. दुरुस्त केली आणि तिथंच सिटी हॉल थाटला. आता या छताखाली नगरसेवक बसतात.

गार्डनरकडे कायद्याची पदवी नव्हती. इंडियानातल्या लॉ स्कूलमधून मुष्टियुद्धाच्या भानगडीत बाहेर पडावं लागलं. मग वकिलांच्या ऑफिसात बसून तो कायदा शिकला आणि 1911 साली कॅलिफोर्नियात त्याला सनद मिळाली. शेजारच्या ऑक्सनार्डमध्ये त्याचे बरेचसे अशील चिनी होते. त्यांच्यासाठी कोर्टात उभं राहायला फारसं कुणी तयार नसायचं.

तिथला एक किस्सा सांगतात. लॉटरीच्या आरोपाखाली चिनी दुकानदारांना पकडायला पोलीस येणार, ही कुणकुण गार्डनरला लागली. त्यानं सगळ्यांना एकमेकांच्या दुकानात बसवलं. पोलिसांनी पत्ते बघून माणसं उचलली; सगळी चुकीची. खटले मागे घ्यावे लागले. साक्षीदार खरंच माणूस ओळखतो, की माणसाची जागा? मेसनच्या कित्येक उलटतपासण्या याच प्रश्नावर चालतात.

[टंकलेखन यंत्राच्या कळा, जवळून]

दिवसा कोर्ट, रात्री गोष्टी. वीसच्या दशकात तो स्वस्त मासिकांना लिहू लागला. मोबदला शब्दांवर. नायकाच्या पिस्तुलात गोळ्या शिल्लक असताना मी मारामारी का संपवू, असं तो म्हणायचा. प्रत्येक ‘धाड’चे तीन सेंट मिळत होते! वर्षाला बारा लाख शब्द, हे त्यानं स्वतःला घालून घेतलेलं माप. दोन बोटांनी टाइप करायचा. बोटं रक्ताळली की चिकटपट्टी लावायची आणि पुढची ओळ. मग त्यानं टाइप करणं सोडलं आणि तोंडी मजकूर सांगायला सुरुवात केली. लिहून घ्यायला सेक्रेटरी. त्यांतली जीन बेथेल म्हणजे पुढे मेसनच्या डेला स्ट्रीटमागची प्रेरणा. 1933 साली मेसनची पहिली कादंबरी आली, आणि गार्डनरनं वकिली जवळजवळ गुंडाळली.

[पुन्हा कोर्टाच्या पायऱ्या]

पण मेसन मोठ्या शहरातला. हे लहान गाव, या पायऱ्या, ही एकमेकांना ओळखणारी माणसं गेली कुठे?

ती गेली मॅडिसन सिटीत. नकाशावर नसलेल्या या गावाचा वकील डग सेल्बी. 1937 ते 1949 या काळात त्याच्या नऊ कादंबऱ्या आल्या. आणि गंमत अशी, की मेसन आरोपीला सोडवतो, तर सेल्बी आहे सरकारी वकील. आपल्याकडे तो नेमला जातो; तिथं मतं मागून निवडून यावं लागतं. म्हणजे प्रेत सापडलं की खुनी शोधायचा आणि खुर्चीही सांभाळायची. गावातलं एक वर्तमानपत्र त्याच्या बाजूचं, दुसरं टपून बसलेलं. सोबतीला शेरीफ, म्हणजे तिथला पोलीसप्रमुख, रेक्स ब्रँडन आणि बातमीदार सिल्व्हिया मार्टिन.

पहिल्याच कादंबरीत हॉटेलच्या खोलीत एक पाद्री मेलेला सापडतो. ओळख पटते, बायकोला कळवतात. ती येते, प्रेत बघते आणि सांगते: हे माझे यजमान नव्हेत. पुढचं सांगणार नाही.

माझ्या मते लहान गावची रहस्यकथा अशीच हवी. रक्त कमी, चहाड्या जास्त. तालुक्याच्या कोर्टाबाहेर चहाच्या टपरीवर अर्धा तास उभं राहिलेल्या कुणालाही सेल्बी परका वाटणार नाही.

[ऑफिसची इमारत, संध्याकाळ]

पुढचं थोडक्यात. निरपराधांना शिक्षा झालेले खटले पुन्हा तपासायला 1948 पासून गार्डनरनं तज्ज्ञांची फळी उभी केली; काही माणसं सुटली. 1957 ते 1966 मेसन टीव्हीवर गाजला आणि शेवटच्या भागात न्यायाधीशाच्या खुर्चीत खुद्द गार्डनर बसला. 1970 मध्ये तो गेला. मेसन अजून छापला जातो. सेल्बी मात्र शोधावा लागतो, आणि सापडलाच तर त्या हॉटेलातल्या पाद्र्यापासून सुरुवात करा.